न्हाण्याचा वार कसा ठरवावा

केस किती दिवसांनी धुवावेत या प्रश्नाला घरातील वडीलधारी माणसे, केशकर्तनालयातील कारागीर, शॅम्पूच्या जाहिराती आणि त्वचारोगतज्ज्ञ यांच्याकडून मिळणारी उत्तरे इतकी परस्परविरोधी असतात की, त्यांपैकी एखादेच खरे आणि बाकीची खोटी असली पाहिजेत, असे वाटू लागते. हा गोंधळ मुळात प्रश्नाच्या मांडणीतून निर्माण होतो, कारण केस धुण्याच्या एकाच क्रियेत दोन अगदी वेगळ्या गोष्टींवर पाणी पडत असते. त्यांपैकी डोक्याची त्वचा जिवंत असते, ती अहोरात्र तेल, घाम आणि मृत पेशी बाहेर टाकत असते आणि तिला नियमित स्वच्छतेची गरज असते. त्या त्वचेतून बाहेर आलेला केसाचा तंतू मात्र निर्जीव असतो, तो स्वतःची झीज भरून काढू शकत नाही आणि प्रत्येक धुण्यागणिक थोडा का होईना झिजतो. म्हणून डोके किती वेळा धुवावे हे त्वचेच्या स्थितीवरून ठरवावे आणि ते कसे धुवावे हे केसांच्या लांबीवरून व पोतावरून ठरवावे, अशी विभागणी केली तर परस्परविरोधी वाटणाऱ्या बहुतेक सल्ल्यांची संगती लागते.

केसाची निर्मिती त्वचेखाली, केशपुटक नावाच्या पिशवीसारख्या खोलगट रचनेत होते. तेथे पेशींचे वेगाने विभाजन होते, त्या केराटिन या चिवट प्रथिनाने भरत जातात आणि त्वचेबाहेर येईपर्यंत मरून एकमेकींना घट्ट चिकटतात. डोक्यावरचा केस महिन्याला साधारण १ ते १.२५ सेंटिमीटर, म्हणजे वर्षाला जास्तीत जास्त १५ सेंटिमीटर वाढतो. तेव्हा ६० सेंटिमीटर लांब केसाचे टोक किमान चार वर्षांपूर्वी त्वचेबाहेर पडलेले असते आणि आठवड्यातून दोनदा न्हाण्याची सवय असेल, तर त्या टोकाने तोवर चारशेहून अधिक वेळा पाणी, फेस, पंचा आणि कंगवा यांचा मारा सोसलेला असतो. त्याच केसाचा त्वचेलगतचा भाग जेमतेम काही दिवसांचा असतो. आखूड केसांच्या पुरुषाला मानवणारा दिनक्रम लांब वेणीला का मानवत नाही, याचे कारण या हिशेबात आहे.

केसाच्या आतल्या मुख्य भागावर, ज्याला बाह्यक म्हणतात, पारदर्शक खवल्यांचे सहा ते आठ थर असतात आणि हे खवले छपरावरच्या कौलांप्रमाणे एकावर एक, मुळाकडून टोकाकडे उतरते रचलेले असतात. खवल्यांच्या पृष्ठभागावर एका विशिष्ट मेदाम्लाचा अतिशय पातळ थर रासायनिक बंधाने चिकटलेला असतो. त्याच्यामुळे नवा केस पाण्याला थोडा दूर ठेवतो, तुळतुळीत लागतो आणि शेजारच्या केसावर घासला जात नाही. केसांचा रंग उडवणारी रसायने, तीव्र अल्कधर्मी पदार्थ आणि दीर्घकाळचे ऊन यांमुळे हा थर एकदा निघून गेला की तो पुन्हा येत नाही, कारण तो निर्माण करणारी पेशी केव्हाच मेलेली असते. केस पाण्यात भिजला की त्याची जाडी सुमारे १५ टक्क्यांनी वाढते, आतील प्रथिनांना धरून ठेवणारे हायड्रोजन बंध तात्पुरते सुटतात, खवले किंचित उचलले जातात आणि ओला केस कोरड्यापेक्षा सहज ताणला जातो. वारंवार फुगण्याने आणि सुकण्याने येणाऱ्या या थकव्यामुळे खवल्यांच्या कडा तुटतात, टोके दुभंगतात आणि मग केस रुक्ष दिसू लागतात. पाणीच केसाचे नुकसान करते हे विधान ऐकायला विचित्र वाटले, तरी न्हाण्यापूर्वी तेल लावण्याच्या जुन्या रीतीचा अर्थ समजण्यासाठी ते लक्षात ठेवणे आवश्यक आहे.

आता त्वचेकडे वळावे. डोक्यावर सुमारे एक लाख केस असतात आणि प्रत्येक केशपुटकाला तैलग्रंथी जोडलेल्या असल्यामुळे शरीराच्या सर्वांत तेलकट भागांत डोक्याच्या त्वचेची गणना होते. या ग्रंथींतील पेशी तेलाने भरून अखेरीस स्वतःच फुटतात आणि त्यांच्यातील ऐवज केसाच्या कडेने पृष्ठभागावर येतो. वैद्यकात त्याला सीबम म्हणतात. त्यात ट्रायग्लिसराइड, म्हणजे खाद्यतेलांतही असणारे स्निग्ध पदार्थ, मेदाम्ले, मेणासारखे पदार्थ आणि स्क्वालिन नावाचे हायड्रोकार्बन असते. हवेतील ऑक्सिजन, ऊन आणि धूर यांच्या संपर्कात स्क्वालिनचे ऑक्सिडीकरण होते, जिवाणू इतर घटकांचे विघटन करतात आणि न धुतलेल्या डोक्याला ठरावीक खवट वास येतो. सीबम किती तयार होणार हे प्रामुख्याने अँड्रोजेन गटातील संप्रेरकांवर अवलंबून असते; म्हणून लहान मुलांचे डोके फारसे तेलकट होत नाही, वयात येताना ते एकाएकी होऊ लागते, स्त्रियांमध्ये रजोनिवृत्तीनंतर तेलाचे प्रमाण घटते आणि पुरुषांमध्ये ते बरेच उतारवयापर्यंत टिकते.

वारंवार धुतल्याने त्वचा भरपाई म्हणून अधिक तेल सोडते आणि महिनाभर शॅम्पू बंद ठेवला की ग्रंथींना कमी तेल सोडण्याची सवय लागते, हा समज अलीकडे फार पसरला असून त्याचा समाचार जरा विस्ताराने घेणे भाग आहे. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील अल्बर्ट क्लिगमन आणि वॉल्टर शेली या त्वचाशास्त्रज्ञांनी १९५८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात नेमका हाच मुद्दा तपासला होता आणि पृष्ठभागावर तेल साचले आहे की पुसून टाकले आहे याची खबर ग्रंथींना पोहोचत नाही, त्या आपल्या गतीने स्रवतच राहतात, असा निष्कर्ष त्यांनी मांडला. धुतल्यानंतर केस लवकर तेलकट झाल्यासारखे वाटतात, कारण स्वच्छ आणि सुट्या केसांवर थोडेसे तेलही नजरेत भरते; आणि न धुता महिना काढल्यावर केस बरे वाटू लागतात, कारण तेल लांबीवर पसरून एकसारखे होते व माणसाचे नाक स्वतःच्या वासाला सरावते. ग्रंथींचे काम त्या काळात यत्किंचितही कमी झालेले नसते.

साचलेल्या तेलाचा सर्वांत मोठा ग्राहक म्हणजे मॅलासेझिया ही एकपेशीय बुरशी. फ्रेंच शास्त्रज्ञ लुई-शार्ल मालासे यांनी एकोणिसाव्या शतकात कोंड्याच्या पापुद्र्यांत ती पाहिली आणि तिच्या नावात त्यांचे नाव राहिले. ती जवळजवळ प्रत्येक प्रौढ माणसाच्या डोक्यावर असते, ती कोणाकडून लागत नाही आणि ती पूर्णपणे घालवताही येत नाही. तिची एक मोठी उणीव अशी की, तिला स्वतःची मेदाम्ले तयार करता येत नाहीत. २००७ मध्ये तिच्या एका प्रजातीचा संपूर्ण जनुकसंच वाचला गेला, तेव्हा त्यासाठी लागणारे जनुकच तिच्यात नसल्याचे दिसून आले. त्यामुळे ती आपल्या विकरांनी सीबममधील ट्रायग्लिसराइड फोडते, हवी ती संपृक्त मेदाम्ले खाते आणि ओलेइक आम्लासारखी असंपृक्त मेदाम्ले त्वचेवर सोडून देते. ज्यांची त्वचा या आम्लाला संवेदनशील असते त्यांच्यात दाह होतो, त्वचेच्या पेशी अपरिपक्व अवस्थेतच वेगाने वर ढकलल्या जातात आणि पुंजक्यांनी गळू लागतात. यालाच कोंडा म्हणतात. म्हणजे कोंड्यासाठी तेल, बुरशी आणि त्या व्यक्तीच्या त्वचेची संवेदनशीलता अशा तिन्ही गोष्टी एकत्र याव्या लागतात. त्यांपैकी तिसरीवर माणसाचा ताबा नाही, पहिल्या दोन मात्र धुण्याने आटोक्यात राहतात.

न धुण्याचा परिणाम किती होतो याचे एक बोलके उदाहरण अंटार्क्टिकातून मिळते. जपानच्या संशोधन मोहिमेतील सदस्यांच्या त्वचेवरील मॅलासेझियाचे प्रमाण तेथील मुक्कामात मोजले गेले, तेव्हा डोक्यावरील बुरशी शेकडो पटींनी वाढल्याचे आढळले. तेथे मनमोकळी आंघोळ ही चैनच असते. पुढे २०२१ मध्ये आशियाई लोकांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात आठवड्यातून पाच-सहा वेळा डोके धुणारे लोक आपल्या केसांबद्दल आणि त्वचेबद्दल सर्वाधिक समाधानी दिसले आणि वरचेवर धुण्याने मोजता येण्याजोगे नुकसान आढळले नाही. या अभ्यासात शॅम्पू बनवणाऱ्या प्रॉक्टर अँड गँबल कंपनीच्या शास्त्रज्ञांचा सहभाग होता, ही गोष्ट वाचकाला ठाऊक असली पाहिजे. तिच्यामुळे निष्कर्ष खोटे ठरत नाहीत, परंतु पाच-सहा वेळा हा आकडा सरसकट सर्वांनी उचलू नये, इतकी सावधगिरी तिच्यातून नक्कीच घ्यावी.

तेलाचा विषय मराठी घरांत जितका जिव्हाळ्याचा आहे तितकाच गुंतागुंतीचाही आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात रोज डोक्याला तेल लावणाऱ्यास डोकेदुखी, टक्कल आणि अकाली पांढरे केस यांचा त्रास होत नाही असे सांगितले आहे, वाग्भटाच्या अष्टांगहृदयात डोके, कान आणि तळपाय या ठिकाणी अभ्यंग विशेषेकरून करावा असा आदेश आहे, आणि नरकचतुर्दशीच्या पहाटेचे अभ्यंगस्नान आजही घराघरांत तेल व उटणे लावूनच होते. तेलाने टक्कल थांबते किंवा केस पांढरे होण्याचे टळते याला आधुनिक संशोधनाने पुष्टी दिलेली नाही, कारण या दोन्ही प्रक्रिया केशपुटकाच्या आत, आनुवंशिकता आणि संप्रेरके यांच्या प्रभावाखाली घडतात. तेलाचा केसाच्या तंतूला मात्र खरोखर उपयोग होतो आणि त्याचा एक महत्त्वाचा पुरावा मुंबईतूनच पुढे आला. मॅरिको या कंपनीतील आरती रेळे आणि आर. बी. मोहिले यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात खोबरेल तेल, सूर्यफूल तेल आणि खनिज तेल यांची तुलना केली. धुताना व विंचरताना केसांतून किती प्रथिन निघून जाते हे त्यांनी मोजले आणि तिघांपैकी केवळ खोबरेल तेलाने ही हानी ठळकपणे कमी झाल्याचे त्यांना दिसले. ही कंपनी स्वतः खोबरेल तेल विकते, तेव्हा वर सांगितलेली सावधगिरी येथेही लागू होते. तरीही त्यामागचे कारण रसायनशास्त्राला धरून आहे. खोबरेल तेलात जवळजवळ निम्मा वाटा लॉरिक आम्लाचा असतो, त्याचा रेणू लहान व सरळ साखळीचा असतो, त्याला प्रथिनांची ओढ असते आणि म्हणून तो खवल्यांमधून केसाच्या आत शिरतो. आत तेल असलेला केस पाण्यात कमी फुगतो आणि कमी फुगलेला केस कमी झिजतो. न्हाण्याच्या आधी तेल लावून मग शिकेकाईने डोके धुण्याचा आजीच्या काळातला क्रम त्या दृष्टीने अतिशय योग्य होता.

पण लॉरिक आम्लासह बहुतेक वनस्पतिजन्य तेलांतील मेदाम्ले मॅलासेझियाला अन्न म्हणून चालतात. त्यामुळे सोमवारी तेल थापून, घट्ट वेणी घालून रविवारपर्यंत तसेच राहण्याची सवय कोंडा असलेल्या डोक्याला अपायकारक ठरते, आणि कोंडा म्हणजे कोरडेपणा अशा समजुतीने त्यावर आणखी तेल चोळणे तर दुखण्याला खतपाणीच घालते. ज्यांना कोंड्याचा त्रास नाही त्यांना तेलाने अपाय होण्याचे कारण नाही. ज्यांना आहे त्यांनी ते मुळांशी न चोळता केसांच्या लांबीवर, न्हाण्याच्या तास-दोन तास आधी लावावे आणि त्याच दिवशी धुऊन काढावे. परंपरा आणि प्रयोगशाळा यांच्यात येथे वाटते तेवढे भांडण नाही, कारण परंपरेतला उत्तम भाग केसासाठी होता आणि आजचा आक्षेप त्वचेच्या संदर्भात आहे.

धुण्याचे अंतर पूर्वी लांब का होते हे समजण्यासाठी धुण्याच्या साधनांकडे पाहावे लागते. शिकेकाईच्या शेंगा, रिठ्याच्या फळाची साल, आवळकाठी आणि नागरमोथा रात्री भिजत घालायचे, सकाळी उकळायचे, गाळायचे आणि मग त्या पाण्याने डोके चोळायचे, हा उद्योग रोज करण्यासारखा नव्हता. शिवाय न्हाणीघरातला बंब पेटवून लांब केसांना पुरेल इतके पाणी तापवायचे आणि नंतर ते केस उन्हात वाळवायचे म्हणजे अर्धा दिवस मोडत असे. आठवड्यातला एक वार न्हाण्यासाठी ठरवून ठेवण्यामागे, आणि त्यातून काही वार निषिद्ध मानण्यामागेही, धार्मिक कल्पनांबरोबर हे श्रमाचे गणित असले पाहिजे. शिकेकाई आणि रिठा यांतील सॅपोनिन हे संयुग पाण्यात फेस करते व तेलाला पाण्यात मिसळवून वाहून नेते, पण ते सौम्य असते, आणि शिकेकाईचा काढा किंचित आम्लधर्मी असल्यामुळे केसांचे खवले उचलले जात नाहीत. पुढे अंगाचा साबणच डोक्याला लावण्याची सवय पसरली, ती मात्र केसांच्या मुळावर आली. साबण अल्कधर्मी असतो, त्याचा सामू नऊ-दहाच्या आसपास जातो, तर डोक्याच्या त्वचेचा सामू साधारण साडेपाच असतो. त्यातच बोअरच्या कठीण पाण्यातील कॅल्शियम आणि मॅग्नेशियम यांच्याशी साबणाचा संयोग होऊन न विरघळणारा चिकट साका केसांवर बसतो. बोअरवेलवर अवलंबून असलेल्या गावांत धुतल्यावरही केस जाड, निस्तेज आणि चिकट लागतात ते त्यामुळेच. अशा ठिकाणी साबण टाळावा, आणि तो वापरावाच लागला तर शेवटच्या तांब्यात लिंबाचा थोडा रस घालावा, कारण आम्लाने तो साका सुटतो.

पाश्चात्त्य देशांतही रोज केस धुण्याची रीत फार जुनी नाही. न्यूयॉर्क टाइम्सने १९०८ मध्ये आपल्या वाचकांना महिना ते दीड महिन्याच्या अंतराने केस धुण्याचा सल्ला छापला होता. बर्लिनमधील औषधविक्रेते हान्स श्वार्त्सकोफ यांनी १९०३ च्या सुमारास पाण्यात कालवायची शॅम्पूची पूड बाजारात आणली आणि १९३० च्या दशकात अमेरिकेत कृत्रिम प्रक्षालकांचे, म्हणजे कठीण पाण्यातही साका न करणारे, शॅम्पू आले. त्यानंतर धुण्याचे अंतर झपाट्याने कमी होत गेले. भारतात हा बदल बाटलीने केला नाही, तो पुडीने केला. तमिळनाडूतील कडलूरमध्ये १९८० च्या दशकात चिक शॅम्पूसारख्या छोट्या पुड्या काही पैशांत विकल्या जाऊ लागल्या, किराणा दुकानांच्या दारांवर त्यांच्या माळा लटकू लागल्या आणि खेड्यांतल्या स्त्रियांना पहिल्यांदा पूर्वतयारीवाचून डोके धुता आले. या सोयीचे मोल मोठे आहे; प्लास्टिकच्या कचऱ्याचा प्रश्न त्याहून लहान नाही, पण तो वेगळ्या लेखाचा विषय आहे.

या साऱ्या माहितीवरून अंतर कसे ठरवावे? सरळ आणि पातळ केसांवर मुळाशी आलेले तेल लवकर खाली उतरते आणि केस चपटे व तेलकट दिसतात. कुरळ्या केसांच्या वळणांवर ते अडखळते, त्यामुळे मुळाशी तेल आणि टोकाशी रुक्षता अशी स्थिती होते. वयात आलेली मुले, तेलकट त्वचेची तरुण माणसे, हेल्मेट घालून दुचाकी चालवणारे, लोकलच्या गर्दीत रोज घामाघूम होणारे आणि बांधकामावर किंवा गिरणीत धुळीत काम करणारे यांनी एक दिवसाआड डोके धुणे रास्त आहे, आणि केस आखूड असतील तर सौम्य शॅम्पूने रोज धुण्यातही काही बिघडत नाही. मध्यम त्वचेच्या, लांब आणि सरळ केसांच्या स्त्रियांना आठवड्यातून दोन वेळा पुरेसे होते, उन्हाळ्यात त्यात एका वेळेची भर पडावी. दाट कुरळ्या, कोरड्या, किंवा रंगवलेल्या व रासायनिक प्रक्रियेने सरळ केलेल्या केसांना आठवड्यातून एकदा धुतले तरी चालते. आफ्रिकी वंशाच्या लोकांच्या घट्ट वळणांच्या केसांसाठी तर अमेरिकेतील त्वचारोगतज्ज्ञांची संघटना आठवड्याने किंवा पंधरवड्याने धुण्याचा सल्ला देते. आठ ते बारा वर्षांच्या मुलांना आठवड्यातून एक-दोन वेळा पुरते. मात्र खाज, पापुद्रे, मुळाशी चिकटपणा किंवा वास यांपैकी काही जाणवू लागले, तर ठरलेला वार येण्याची वाट न पाहता डोके धुवावे, कारण या खुणा त्वचेने दिलेल्या असतात आणि त्यांच्यापुढे कोणत्याही कोष्टकाचे महत्त्व दुय्यम आहे. उवा झाल्यास मात्र या हिशेबाचा उपयोग नाही. त्या स्वच्छ डोक्यातही तितक्याच सुखाने राहतात, साध्या शॅम्पूने मरत नाहीत आणि त्यांच्यासाठी औषध व बारीक दातांची फणी हाच मार्ग आहे.

केस धुण्याचे टाळण्यामागे सर्वांत मोठी भीती गळतीची असते आणि ती दूर करणे अतिशय आवश्यक आहे. प्रत्येक केस दोन ते सहा वर्षे वाढतो, मग त्याची वाढ थांबते, सुमारे तीन महिने तो केशपुटकात नुसता रुतून राहतो आणि अखेर सुटतो; अशा रीतीने निरोगी डोक्यावरूनही दिवसाला ५० ते १०० केस जातात. सुटलेले केस इतर केसांत, विशेषतः वेणीत आणि अंबाड्यात, अडकून राहतात आणि न्हाताना एकदम हाती येतात. आठवड्याने न्हाणाऱ्या स्त्रीच्या हातात त्यामुळे मोठा पुंजका दिसतो, ती घाबरून पुढच्या वेळी दहा दिवस थांबते, पुंजका आणखी मोठा होतो आणि मधल्या काळात कोंडा वाढून खाजवण्याने खरोखरच केस तुटू लागतात. बाळंतपण, डेंगी किंवा टायफॉइडसारखा ताप, मोठी शस्त्रक्रिया यांनंतर दोन-तीन महिन्यांनी होणारी गळती याहून बरीच मोठी असते, कारण शरीरावरच्या ताणामुळे पुष्कळ केस एकाच वेळी विश्रांतीच्या अवस्थेत गेलेले असतात. तिचाही धुण्याशी संबंध नसतो आणि बहुतेक वेळा ती काही महिन्यांत आपोआप थांबते. त्या काळात स्त्रियांना न्हाण्यापासून रोखणे हा त्यांच्यावर निष्कारण लादलेला त्रास आहे.

अंतर ठरल्यावर पद्धतीचा विचार करताना केसाची बाजू घ्यावी. न्हाण्यापूर्वी कोरडे केस मोकळे विंचरून गुंता काढावा, शॅम्पू थोड्या पाण्यात कालवून मुळांशी बोटांच्या पेरांनी चोळावा, नखे लावू नयेत आणि लांबीवर शॅम्पू वेगळा घासू नये, कारण डोक्यावरून वाहून येणारा फेसच त्या भागाला पुरेसा होतो. कंडिशनरचे रेणू धनभारित असल्यामुळे ते झिजलेल्या, ऋणभारित झालेल्या केसांना चिकटतात आणि घर्षण कमी करतात. ते त्वचेला न लावता खालच्या अर्ध्या लांबीवर लावावेत. कडकडीत पाणी डोक्यावर घेऊ नये असे वाग्भटाने सांगून ठेवले आहे आणि गरम पाणी त्वचेचे तेल गरजेपेक्षा जास्त धुऊन नेते या आजच्या माहितीशी ते जुळते. कोंड्यासाठीच्या औषधी शॅम्पूत कीटोकोनॅझोल, झिंक पायरिथिऑन किंवा सेलेनियम सल्फाइड यांसारखे बुरशीविरोधी घटक असतात आणि त्यांना काम करायला वेळ लागतो. लावल्यावर तीन ते पाच मिनिटे न थांबता लगेच धुऊन टाकले, तर महागडे औषध मोरीत जाते आणि गुण येत नाही अशी तक्रार मागे उरते. कोंडा गेल्यावरही असा शॅम्पू आठवड्याने किंवा पंधरवड्याने वापरत राहावा लागतो, कारण बुरशी पुन्हा वाढतेच.

ओल्या केसांना पंच्याने फटके मारून झटकण्याची आपल्याकडची सवय सोडून द्यावी, कारण ताणला जाणारा ओला केस त्या झटक्यांनी मधेच तुटतो. त्याऐवजी मऊ सुती पंच्यात केस दाबून पाणी टिपावे. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात आणि गोव्यात, जाड केस संध्याकाळपर्यंत वाळत नाहीत आणि कामाच्या घाईत ते ओलेच बांधले जातात. त्यामुळे कुबट वास येतो आणि क्वचित केसांवर पांढऱ्या मऊ गाठी आणणारा, पांढरा पिएड्रा नावाचा बुरशीचा संसर्गही होतो. त्या दिवसांत सकाळऐवजी सुटीच्या दिवशी दुपारी न्हावे, किंवा वारा देणारे यंत्र सुमारे १५ सेंटिमीटर दूर धरून सतत हलवत वापरावे. दक्षिण कोरियातील संशोधकांनी २०११ मध्ये अशा वापराची तपासणी केली, तेव्हा उष्णतेने पृष्ठभागाचे नुकसान झालेले दिसले खरे, पण तासन्‌तास ओल्या राहिलेल्या केसांच्या आतील रचनेलाही इजा झाल्याचे आढळले.

हे सगळे सांगताना पाणी मुबलक आहे असे गृहीत धरले जाते आणि मराठवाड्यातील अनेक गावांत उन्हाळ्यात ते गृहीत धरता येत नाही. टँकरच्या पाण्यावर दिवस काढणाऱ्या घरातील लांब केसांच्या स्त्रीला एक दिवसाआड न्हाण्याचा उपदेश करणे निर्दयपणाचे ठरेल. अशा वेळी पाणी आधी त्वचेवर खर्च करावे. केसांचे भाग पाडून फक्त मुळे ओली करावीत, कमी फेसाचा थोडासा शॅम्पू लावून तांब्या-दोन तांब्यांत ती धुवावीत आणि लांबी कोरडीच ठेवावी. पिठासारखी पूड शिंपडून तेल शोषून घेणारे कोरडे शॅम्पू दिसण्यापुरते उपयोगी असले, तरी त्यांनी बुरशी आणि मृत पेशी डोक्यावरच राहतात, म्हणून त्यांच्यावर आठवडेच्या आठवडे विसंबू नये. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांच्या बाबतीत तर डोके धुणे सहसा सर्वांत शेवटी आठवते आणि मग जटा झाल्यावर केस कापण्यावाचून इलाज उरत नाही. रुग्णाला पलंगाच्या कडेला सरकवून, मानेखाली गुंडाळलेला पंचा आणि त्याखाली बादलीत उतरणारे प्लास्टिकचे कापड ठेवून, कोमट पाण्याच्या काही तांब्यांत आठवड्यातून एकदा डोके धुता येते. वेणी सैल घालावी, उशीच्या बाजूचे केस रोज मोकळे करावेत आणि मानेला इजा असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे.